चाप करकरला तर?

पीक राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या शेतकरी बंधूंनो, पावसाळ्यानंतर चाप ओढताना करकर ऐकू आली, तर दुर्लक्ष करू नका. आधी नळी निर्धोक दिशेला धरा. केप काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली, असे नव्हे; गज नळीत सोडून आत बार नाही ना, याची खात्री करा.

करकर बहुधा गंज, धूळ किंवा घट्ट झालेल्या जुन्या तेलामुळे होते. ते पुसून थोडे नवे तेल द्यावे. मात्र घोडा चढवताना नेहमीचा ‘कट्’ आवाज आला नाही, तर आतली खाच झिजलेली असू शकते. अशी बंदूक नुसत्या धक्क्यानेही उडते. खाच घरी कानशीने घासू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्ती करणाऱ्याकडेही परवाना लागतो, त्याच्याकडेच जा. तोवर बंदूक न भरता कुलपात ठेवा.