वाट सोडून चालताना

ऑगस्ट महिन्यात कन्हानच्या एखाद्या शाळेचे मैदान पाहावे. पावसाने सगळीकडे गवत वाढलेले असते, पण फाटकापासून वर्गांकडे जाणारी एक तिरपी पट्टी मात्र उघडीच असते. ही वाट कोणी आखलेली नसते. जवळचा रस्ता म्हणून काही मुले तिकडून गेली, त्यांच्यामागून इतर गेली आणि वाट पडली. मैदानावरच्या अशा वाटेचे कोणाला काही वाटत नाही. पण हिच पावले हिमालयातल्या उंच कुरणांवर किंवा सह्याद्रीतल्या सड्यांवर पडली, तर काय होते?

हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. नागपूर, कामठी, कन्हान या भागांतूनही सुटीत विद्यार्थी हिमालयातील पदभ्रमणाला जातात. वृक्षरेषा, म्हणजे जिच्या वर झाडे वाढू शकत नाहीत ती उंचीची मर्यादा, ओलांडली की विस्तीर्ण गवताळ कुरणे लागतात. गढवालात त्यांना बुग्याल म्हणतात. चमोली जिल्ह्यातील बेदिनी बुग्याल सुमारे ३,३५० मीटर उंचीवर आहे आणि तेथे बेदिनी कुंड नावाचे छोटे तळेही आहे. मोकळ्या कुरणावर कुठूनही चालावे असा मोह होतो. मग गट वाट सोडतो.

पायाखाली किती दाब?

आधी साधे गणित करू. समजा, एका विद्यार्थ्याचे वजन ६० किलोग्रॅम आणि पाठीवरच्या पिशवीचे १२ किलोग्रॅम, म्हणजे एकूण ७२ किलोग्रॅम आहे. बुटाच्या एका तळव्याचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटीमीटर धरू. चालताना सगळा भार एका पायावर येतो, तेव्हा दर चौरस सेंटीमीटरवर ०.३६ किलोग्रॅम भार पडतो. पाऊल उचलताना फक्त चवडा टेकलेला असतो. त्याचे क्षेत्रफळ ६० चौरस सेंटीमीटर धरले, तर हाच भार १.२ किलोग्रॅम होतो. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब साधारण २ किलोग्रॅम असतो. म्हणजे चालणारा माणूस जमिनीला मोटारीच्या निम्म्याहून अधिक दाब देतो!

चांगल्या मातीच्या आकारमानापैकी सुमारे निम्मा भाग पोकळ्यांचा असतो. त्यांत हवा आणि पाणी असते. दाबाने या पोकळ्या मिटतात. मग मुळांना हवा मिळत नाही, पाणी मुरत नाही आणि ते पृष्ठभागावरून वाहू लागते. उतारावर या पाण्याची आधी चरी होते आणि पुढे घळ होते.

येथे भरून निघते, तेथे का नाही?

नागपूर जिल्ह्यातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. या हालचालीने दबलेली माती पुष्कळशी आपोआप मोकळी होते. शिवाय उष्णतेमुळे पालापाचोळा लवकर कुजतो आणि गवत झपाट्याने वाढते.

बुग्यालावर परिस्थिती उलट आहे. उंची १ किलोमीटरने वाढली की हवेचे तापमान सरासरी ६.५ अंशांनी उतरते. कन्हान समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे बेदिनी आपल्यापेक्षा सुमारे ३ किलोमीटर उंच आणि जवळजवळ २० अंशांनी थंड आहे. वर्षातील बरेच महिने तेथे बर्फ असते. वाढीसाठी वनस्पतींना उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याचे मोजकेच महिने मिळतात. त्यातच पाने, फुले, बिया आणि पुढील वर्षासाठी मुळांतील साठा हे सारे उरकावे लागते. एका मोसमात खोड मोडले, तर ती तूट भरून यायला अनेक मोसम लागू शकतात.

एकदा माती उघडी पडली की आणखी एक गोष्ट घडते. रात्री मातीतले पाणी गोठते, प्रसरण पावते आणि मातीचे कण वर उचलते. दिवसा बर्फ वितळते आणि सैल झालेली माती पावसाबरोबर वाहून जाते. नवी माती तयार व्हायला मात्र सेंटीमीटरमागे शेकडो वर्षे लागतात.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली आणि पर्यटकांची संख्या २०० वर मर्यादित करण्याचा आदेश दिला, त्यामागे हीच चिंता होती.

महाराष्ट्रात याचे जवळचे उदाहरण म्हणजे साताऱ्याजवळचे कास पठार. त्याची उंची सुमारे १,२०० मीटर, म्हणजे बुग्यालाच्या मानाने कमी आहे. पण तेथे जांभ्या खडकावर मातीचा थर अनेक ठिकाणी जेमतेम काही सेंटीमीटरच आहे. पावसाळ्यात खडकाच्या खळग्यांत पाणी साचते. त्याभोवती गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू अशा इवल्या वनस्पती फुलतात. शेवटच्या दोन तर कीटकभक्षी आहेत. मातीत नत्र कमी असल्याने ते त्या कीटकांपासून मिळवतात. यांतील कित्येक वनस्पतींचे सारे आयुष्य एका पावसाळ्याचे असते. बी धरण्याआधीच रोप चिरडले, तर पुढच्या वर्षासाठी काही उरत नाही.

पहिली पावले सर्वांत महाग

वनस्पतींवरील तुडवणीचा परिणाम मोजण्याची एक प्रमाणित पद्धत डेव्हिड कोल आणि नील बेफील्ड यांनी १९९३ मध्ये मांडली. अर्धा मीटर रुंद आणि दीड मीटर लांब पट्ट्या आखायच्या. एकीवरून कोणीच चालायचे नाही. इतरांवरून अनुक्रमे २५, ७५, २०० आणि ५०० वेळा चालायचे आणि झाडोरा किती उरला ते मोजायचे. अशा प्रयोगांतून वारंवार दिसले, की पावले आणि नुकसान यांचा आलेख सरळ रेषेत जात नाही. तो सुरुवातीला झपाट्याने चढतो आणि मग सपाट होत जातो. बरेचसे नुकसान पहिल्या काही पावलांतच होऊन जाते. रुंद पानांच्या नाजूक वनस्पती लवकर हार मानतात. गवत अधिक टिकते, कारण त्याचा वाढीचा भाग जमिनीलगत असतो.

यावरून दोन नियम निघतात आणि ते वरवर परस्परविरोधी वाटतात.

पहिला: वाट असेल तर सर्वांनी तिच्या मधूनच, एकामागून एक चालावे. चिखल असला तरी कडेच्या गवतावर जाऊ नये. तुडवलेल्या जागी पाचशेवा माणूस फारशी भर घालत नाही. कडेने गेलेले पहिले दहा जण मात्र वाट रुंद करतात.

दुसरा: वाट नसेलच आणि तिकडून जाणे भागच असेल, तर रांग मोडावी. प्रत्येकाने वेगळ्या रेषेत, शक्यतो खडक, खडी किंवा घट्ट बर्फ यांवरून चालावे. ५० जणांचा गट एका रांगेत गेला आणि त्याच वाटेने परतला, तर एका जागी १०० वेळा चालणे होते. म्हणजे एका दिवसात नवी वाट पाडायला एक गट पुरेसा ठरू शकतो. मात्र ओली जमीन, तळ्याचा काठ किंवा कासचा सडा येथे हा दुसरा नियमही लावू नये. अशा जागी आखलेली वाट सोडूच नये.

तळ्याचेही असेच आहे. थंड पाण्यात जंतूंची कुजवण्याची क्रिया मंद असते आणि छोट्या कुंडातले पाणी फारसे बदलत नाही. म्हणून भांडी घासणे, कपडे धुणे आणि शौच काठापासून निदान ६० मीटर दूर करावे, असा संकेत आहे. कन्हानच्या मुलांना हे वेगळे समजवावे लागणार नाही. सातपुड्यातून येणाऱ्या त्यांच्या नदीचे पाणी नागपूर शहराला पुरवले जाते. वरच्या अंगाला कोणी काय केले, ते खालच्या अंगाला भोगावे लागते, हे नदीकाठच्या माणसाला ठाऊक असते.

शाळेत करून पाहा

मैदानाच्या न वापरलेल्या कोपऱ्यात, साप-विंचू नाहीत याची खात्री करून, दोरीने वरीलप्रमाणे पाच पट्ट्या आखा. आधी मुलांना आलेखाचा अंदाज काढू द्या. मग ठरलेल्या संख्येने चालवा. १०० चौकोनांची दोऱ्यांची जाळी पट्टीवर ठेवून किती चौकोनांत हिरवे गवत उरले, ते मोजा. दोन्ही तोंडे उघडी असलेला पत्र्याचा डबा जमिनीत थोडा रोवा, त्यात अर्धा लिटर पाणी ओता आणि ते मुरायला लागणारा वेळ नोंदवा. कापलेल्या पत्र्याच्या कडा मात्र आधी ठोकून बोथट करा.

पुढे महिनाभर दर आठवड्याला हीच मोजमापे घ्या. गवत कन्हानला किती दिवसांत परतले, हा आकडा फळ्यावर लिहा. मग प्रश्न विचारा: हेच गवत २० अंश कमी तापमानात आणि वर्षातले बरेच महिने बर्फाखाली असते, तर हा आकडा किती झाला असता? पुढच्या सुटीत हिमालयात जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी उत्तर बरोबर घेऊन जावे.