सेकंदाला एक फूटपट्टी

शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात सगळे ग्रह सूर्याला खेटून उभे असतात. कागद अपुरा पडतो, दुसरं काय! पण चित्रकलेचा आणि विज्ञानाचा तास जोडून घेतला आणि वर्गाबाहेर पडायची तयारी ठेवली, तर चौथीच्या मुलांनाही सूर्यमाला खऱ्या मापात मांडता येते. प्रमाण एकच : दहा लाख किलोमीटरला एक मीटर.

मैदानात रांगोळीने सूर्य काढायचा, १.४ मीटर व्यासाचा. पृथ्वी शाडूची, जेमतेम १३ मिलिमीटरची, आणि ती ठेवायची १५० मीटरवर. म्हणजे बऱ्याच शाळांत फाटकाबाहेर. तिच्यापासून ३८ सेंटिमीटरवर साडेतीन मिलिमीटरचा चंद्र. माणसाची आजवरची सगळी धाव एवढ्यातच.

खरी मजा रंगवताना. पृथ्वीच्या त्या गोळीवर काश्मीर ते कन्याकुमारी भरतं ३.२ मिलिमीटर. महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ८०० किलोमीटर, म्हणजे इथे पुरता एक मिलिमीटरही नाही. शून्य नंबरचा ब्रश नुसता टेकवला की कोकणकिनाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत सगळं एका ठिपक्यात रंगून जातं. शनी १२ सेंटिमीटरचा, त्याची कडी कडेपासून कडेपर्यंत २७ सेंटिमीटर. ती कागदाची कापायची. पण खरी कडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटरच जाड आहेत, त्यामुळे साधा चित्रकलेचा कागदसुद्धा इथे हजार पटींहून जास्त जाड ठरतो.

आता प्रकाश. तो सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो; आपल्या मापात ३० सेंटिमीटर, बरोबर दप्तरातल्या फूटपट्टीएवढं. सूर्यापासून दर सेकंदाला एक पट्टी टाकत निघायचं. पृथ्वी गाठायला ५०० पट्ट्या लागतात : आठ मिनिटं वीस सेकंद. हे मुलांकडून पूर्ण करून घ्यावंच. कंटाळा येईल, पाय दुखतील, आणि अंतर म्हणजे काय ते तेव्हाच अंगात भिनेल. नेपच्यून साडेचार किलोमीटरवर आहे. तिथवर याच गतीने चार तासांहून जास्त.

त्याच्याही पलीकडे व्हॉयेजर-१. ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालेल्या या यानावरच्या सोनेरी तबकडीत गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. जवळजवळ अर्धं शतक अखंड प्रवास करून ते आपल्या मापात सूर्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर पोचलंय. सूर्य मुंबईच्या सीएसएमटीला मांडला, तर अजून ठाणंसुद्धा आलेलं नाही! दिवसाला दीड मीटर, हा त्याचा वेग.

आणि सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा, प्रॉक्सिमा? ४० हजार किलोमीटरवर, म्हणजे खऱ्या पृथ्वीला एक अख्खा वेढा. व्हॉयेजरच्या चालीने तिथवर जायला ७० हजारांहून जास्त वर्षं लागतील, आणि ते त्या दिशेने निघालेलंही नाही.