नाव देवाने घेतलेले, नाव माणसांनी ठेवलेले

पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय बरेच वाचक चाळून पुढे जातात. त्यात उपदेश थोडा आणि सलामच फार. पण ती नावे एकदा थांबून वाचावीत. हर्मेस हा ग्रीकांचा देव, नीरिय हा समुद्रदेव. या नावांची माणसे रोममध्ये ख्रिस्ती झाली होती. मंडळीची सेविका फिबी, जिची पौल याच अध्यायात शिफारस करतो, तिचे नावही ग्रीक पुराणातले. पौलाचा सहकारी अपुल्लो याच्या नावात अपोलो आहे आणि एपफ्रदीताच्या नावात आफ्रोदिती. यांपैकी कोणालाही पौलाने नाव टाकायला सांगितल्याचा उल्लेख नाही. पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती माणसाला आईबापांनी ठेवलेले नाव विश्वासाच्या आड येते असे वाटत नव्हते.

मग देवाने नाव बदलल्याच्या कथांचे काय? त्या आहेत, पण मोजक्या, आणि प्रत्येक वेळी नव्या नावाबरोबर एक कामगिरी येते. अब्राम नव्व्याण्णव वर्षांचा असताना अब्राहाम होतो आणि साराय सारा होते, कारण त्या निपुत्रिक जोडप्यातून राष्ट्रे निघायची आहेत. याकोब रात्रभर झुंजतो आणि इस्राएल हे नाव घेऊन लंगडत निघतो. शिमोनाला येशू पेत्र म्हणतो. तरीही जुने नाव पुसले जात नाही. उत्पत्तीचा ग्रंथ पुढेही त्या माणसाला अनेकदा याकोब म्हणत राहतो. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी येशू पेत्राला प्रेमाविषयी तीनदा विचारतो, तेव्हा हाक मारतो ती ‘शिमोना’ अशीच.

शौलाचा पौल धर्मांतरामुळे झाला, असे प्रवचनांतून सर्रास सांगितले जाते. प्रेषितांच्या कृत्यांत तसे काही नाही. दमास्कसच्या वाटेवर त्याला हाक येते ती ‘शौला’ अशी, आणि पौल हे नाव प्रथम दिसते ते बऱ्याच पुढे, कुप्र बेटावर, शौलाचे दुसरे नाव म्हणून. यहुदी घरातला आणि रोमचा नागरिक असलेला हा माणूस दोन्ही जगांत वावरत होता.

या सगळ्यांत हृदयाला भिडते ती हागारेची कथा. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात साराय आणि अब्राम तिच्याविषयी बोलतात, पण एकदाही तिचे नाव उच्चारत नाहीत. दोघांच्या तोंडी ती फक्त दासी. जाच सोसवेना म्हणून ती गरोदरपणी रानात पळते. तिथे झऱ्याजवळ परमेश्वराचा दूत तिला भेटतो आणि पहिला शब्द बोलतो तो ‘हागारे’. त्यानंतर तीच देवाला नाव देते: मला पाहणारा देव. देवाने दिलेली ओळख म्हणजे काय, हे समजून घ्यायला या मिसरी दासीइतका चांगला गुरू नाही. तिला नवे नाव मिळाले नाही. तिचे होते तेच नाव कोणीतरी मानाने घेतले.

नाव बदलण्याची दुसरी परंपराही बायबलमध्येच आहे, आणि ती सत्तेची. बाबेलच्या राजवाड्यात दानीएलाला बेल्टशस्सर केले गेले. कथा मात्र त्याला दानीएल म्हणूनच ओळखते.

आपल्याकडे ही सत्ता पोर्तुगीजांबरोबर आली. १५३४च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली आणि बाप्तिस्म्याबरोबर पाद्री किंवा धर्मपिता यांचे पोर्तुगीज आडनाव नवख्रिस्ती घराला चिकटले. ही सक्ती विश्वासाची गरज नव्हती. केरळात त्याच्या कितीतरी आधीपासून ख्रिस्ती घरांत याकोबाचा चाको झाला होता, जॉर्जचा वर्गीस आणि स्टीफनचा ईपेन. मात्र लोकांनी परकी नावेही हळूहळू आपलीशी केली. गोव्यात सेबास्तियांवचा बोस्त्यांव झाला, इग्नासियोचा इनास. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, आडनावे राहिली. म्हणूनच फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नाव धारण करणारा माणूस ‘सुबोध बायबल’ लिहितो आणि २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होतो, यात कसलाही विरोधाभास नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती विचारवंतांनी हा प्रश्न जाणतेपणी सोडवला, आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे. काशीत वाढलेले नीलकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले. यरुशलेमचा पडका तट पुन्हा बांधणाऱ्या माणसाचे ते नाव. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. तिथे त्यांना मेरी रमा हे नाव मिळाले, पण मुक्ती मिशन उभारणारी बाई जगाला पंडिता रमाबाईच राहिली. बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. नाव तेच ठेवले.

नारायण वामन टिळकांचे उत्तर सर्वांत ठाम. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि नारायण हे विष्णूचे नाव त्यांनी अखेरपर्यंत ठेवले. मराठी उपासनेला त्यांनी जी भजने दिली, ती याच नावाने. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तर आणखी लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. माहेरच्या मनकर्णिका गोखले लग्नानंतर लक्ष्मी टिळक झाल्या. म्हणजे त्यांचे नाव बदलले ते लग्नाने. बाप्तिस्म्याने त्याला हात लावला नाही. हर्मेस आणि नीरिय यांच्या शेजारी नारायण आणि लक्ष्मी ही नावे लिहून पाहावीत. पौलाच्या यादीत ती सहज बसतात.

रोमन कॅथलिक चर्चला कायद्यात हे मान्य करायला वेळ लागला. १९१७च्या धर्मसंहितेनुसार धर्मगुरूने बाळाला ख्रिस्ती नाव मिळेल असे पाहावे, आईबाप ऐकत नसतील तर एखाद्या संताचे नाव स्वतः जोडावे, असा नियम होता. १९८३च्या संहितेत एवढेच उरले की नाव ख्रिस्ती भावनेला परके नसावे. मुलीचे नाव करुणा किंवा आशा ठेवायला आता कोणाची परवानगी लागत नाही.

नगर-जालन्याकडच्या मंडळ्यांत प्रश्न निराळा आहे. तिथल्या अनेक ख्रिस्ती घरांचे पूर्वज अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतले. गावाने त्यांना जातीच्या नावाने हाक मारली. चर्चमध्ये मात्र शमुवेल, शांतवन, रूथ ही नावे आदराने घेतली गेली. हागारेची कथा त्यांना कोणी समजावून सांगावी लागत नाही. पण १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आज हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरताच आहे. शीख १९५६च्या दुरुस्तीने त्यात आले, बौद्ध १९९०च्या. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. परिणामी चर्चच्या वहीतले नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे, अशी वेळ काही घरांवर येते. ज्या देवाने नाव घेऊन हाक मारली, त्याचे नाव घेतल्याबद्दल मुलाची शिष्यवृत्ती जाऊ नये, ही मागणी दलित ख्रिस्ती अनेक दशके करत आहेत, आणि ती न्याय्य आहे.