अदिस अबाबातला बुधवार

नोकरीनिमित्त इथिओपियात गेलेल्या शाकाहारी माणसाला पहिली चिंता पोटाची. ती बुधवारी आणि शुक्रवारी मिटते. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाजाचे हे उपासाचे वार. शिवाय ईस्टरपूर्वीचे सलग ५५ दिवस. तेव्हा मांस, अंडी, दूध, लोणी सगळं वर्ज्य. (आपला साबुदाण्याचा उपास यापुढे चैनच म्हणायचा!) हॉटेलात ‘बेयायनेतू’ मागवलं की इंजेरा या मऊ धिरड्यावर मसूर, कोबी, बीट, पालेभाजीचे छोटे ढीग येतात. सोबत शिरो : हरभऱ्याच्या पिठात तिखट बर्बरे मसाला घालून रटरटवलेलं, थेट पिठल्याचं भावंड.

इंजेरा टेफ या बारीक धान्याचा. पीठ दोन-तीन दिवस आंबवून तव्यावर एकाच बाजूने भाजतात. वरच्या जाळीत रस्सा छान मुरतो. ताट सगळ्यांत एकच. मध्येच यजमान घास करून पाहुण्याला भरवतो. ही ‘गुर्शा’, नको म्हटलं तर माणसं दुखावतात.

मग कॉफी. हिरव्या बिया समोरच भाजतात, त्यांचा खमंग धूर प्रत्येकाच्या नाकाशी फिरवतात, कुटून मातीच्या ‘जेबेना’त उकळतात. पहिली फेरी कडक. त्याच चोथ्यावर पाणी घालून दुसरी, मग तिसरी. तिसरीआधी उठणं बरं दिसत नाही, तेव्हा घाई असणाऱ्याने बसूच नये.