हराळीवरचा तपकिरी ठिपका

पावसाळा सरत आला की पुण्यातल्या कर्वेनगरात जिथे म्हणून मोकळी माती उरली आहे तिथे हराळी माजलेली असते. गणपतीला हिच्याच जुड्या वाहतो आणि गुरं चरतात तीही हीच. या दिवसांत एखादी काडी नीट न्याहाळा. पात्यावर मोहरीहून लहान तपकिरी ठिपके दिसतील, काही पात्यांची टोकं पार वाळलेली असतील. शेतकरी ‘करपा पडलाय’ म्हणेल आणि पुढे जाईल. पण हा करपा कोणत्या बुरशीचा, हे ठरवायला जगभरच्या अभ्यासकांच्या कित्येक पिढ्या खपल्या आहेत.

नुसत्या ठिपक्यावरून बुरशी ओळखता येत नाही, कारण निरनिराळ्या बुरशी सारखेच डाग पाडतात. म्हणून पातं धुऊन, ओल्या टिपकागदावर ठेवून काचेच्या बशीत झाकतात. एक-दोन दिवसांत ठिपक्यावर काळसर केस उभे राहतात आणि त्यांच्या टोकांना बीजाणू धरतात. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बीजाणू दिसतो तो चरख्याच्या चातीसारखा: मध्ये फुगीर, दोन्हीकडे निमुळता, किंचित वाकलेला. रंग तपकिरी, आत आडवे पडदे. लांबी साधारण 50 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग.

आता तो पाण्याच्या थेंबात सोडायचा आणि काही तास थांबायचं. दोन्ही टोकांच्या कप्प्यांतून एकेक पांढरा धागा बाहेर पडतो आणि मधले कप्पे मात्र गप्प राहतात! या एवढ्याशा वागण्यात बुरशीचं कूळ दडलेलं आहे, हे कळलं तेव्हा वर्गीकरणाचा मोठा गुंता सुटला.

गुंता सुरू झाला होता 1809 साली. लिंक या जर्मन शास्त्रज्ञाने लाकडावर वाढणाऱ्या एका बुरशीसाठी ‘हेल्मिन्थोस्पोरियम’ ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडली. पुढे गवतांवरच्या लांबट, गडद बीजाणूंच्या बुरशीही त्यातच घातल्या गेल्या. हराळीवरच्या बुरशीला 1909 साली इटलीच्या मारिन्योनींनी नाव दिलं तेही याच गटात. नंतर बारकावे तपासले जाऊ लागले. ज्यांच्या कोणत्याही कप्प्यातून अंकुर फुटतो, त्यांना जपानच्या इतो यांनी 1930 साली ‘ड्रेश्लेरा’त नेलं. फक्त दोन टोकांतून रुजणाऱ्यांसाठी कॅनडाच्या शूमेकर यांनी 1959 साली ‘बायपोलॅरिस’ हा गट केला आणि आपली बुरशी ‘बायपोलॅरिस सायनोडॉन्टिस’ झाली.

तरीही तिची दोन नावं व्हायची होतीच. 1964 साली नेल्सन यांनी याच बुरशीच्या लैंगिक अवस्थेचं वर्णन ‘कॉक्लिओबोलस’ या प्रजातीत केलं. एकाच बुरशीच्या दोन अवस्थांना दोन नावं देण्याची नियमातच मुभा होती. ती मुभा 1 जानेवारी 2013पासून संपली. एका बुरशीला एकच नाव राहिलं आणि या गटासाठी बायपोलॅरिस कायम झालं. त्याच सुमारास डीएनए तपासल्यावर आणखी एक नवल समोर आलं. बायपोलॅरिस समजल्या जाणाऱ्या काही जाती प्रत्यक्षात ‘कर्व्ह्युलॅरिया’ या दुसऱ्या प्रजातीच्या सोयऱ्या निघाल्या आणि तिकडे गेल्या. आपली हराळीवाली मात्र जागची हलली नाही.

हे सारं जपून करावं लागतं, कारण हराळीच्या या बुरशीचे भाऊबंद साधेसुधे नाहीत. बंगालमध्ये 1942 साली भातावर तपकिरी ठिपक्याचा रोग पडला तो बायपोलॅरिस ओरायझीमुळे. 1943च्या भीषण दुष्काळाच्या कारणांत युद्ध आणि सरकारी धोरणांबरोबर त्याचंही नाव घेतलं जातं. 1970 साली अमेरिकेतल्या मक्याचं सुमारे 15 टक्के पीक बायपोलॅरिस मेडिसने खाल्लं. कोणती जात कोणत्या पिकावर जाते हे माहीत नसेल, तर बियाणं निवडायचं तरी कशाच्या भरवशावर?

हे ज्ञान जिथे साठवलं जातं ती एक जागा कर्वेनगरपासून फार लांब नाही. गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत प्रा. आजरेकरांच्या नावाचं बुरशी-संग्रहालय आहे. तिथे बुरशी लागलेली पानं वाळवून, पाकिटात घालून, ठिकाण आणि तारखेसह जपली जातात. राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रहही तिथेच आहे आणि त्यात बुरशी जिवंत ठेवल्या जातात. नव्या जातीला नाव देताना असाच एक नमुना साक्षीदार म्हणून ठेवावा लागतो. पुढे कुणालाही शंका आली, तर त्याने पुस्तकातल्या वर्णनावर विसंबायचं कारण नाही. तो मूळ नमुना पुन्हा तपासू शकतो.

मला सर्वांत मोठं वाटतं ते हेच. डीएनएची रचना माणसाला उमगली 1953 साली. त्याआधीच्या संग्राहकांना आपल्या पाकिटातलं पान पुढे डीएनएसाठीही तपासलं जाईल, याची कल्पना असणं शक्यच नव्हतं. तरी त्यांनी ते जपलं, म्हणून आज अशा जुन्या नमुन्यांना नवे प्रश्न विचारता येतात. आज ठिकाण आणि तारीख लिहून ठेवलेलं हराळीचं एक डागाळलेलं पातंही उद्याच्या अभ्यासकाच्या असंच कामी येऊ शकतं.