प्रौढ स्वाराची वापरलेली डर्ट बाईक : समज आणि वस्तुस्थिती

ज्यांनी ऐन विशीत आरएक्स-१०० वर गावाबाहेरचे माळ पालथे घातले आणि पुढे नोकरी, संसार व घराचे हप्ते यांच्या व्यापात ज्यांची दुचाकी केवळ कचेरीत जाण्यायेण्याचे साधन होऊन राहिली, अशा अनेकांना चाळिशी उलटल्यावर मातीच्या वाटांची ओढ पुन्हा लागते. ही ओढ निरोगी आहे, आणि वयाची सबब पुढे करून तिच्यापासून कोणी कोणाला परावृत्त करू नये, असे मला मनापासून वाटते. परंतु ही मंडळी वापरलेली डर्ट बाईक पाहावयास निघतात तेव्हा निवड करतात ती वीस वर्षांपूर्वीच्या आपल्या शरीराच्या स्मृतीवरून. आणि त्या स्मृतीवर बाजारातील ऐकीव गोष्टींची जी पुटे चढलेली असतात, ती पैशाला आणि प्रसंगी हाडांनाही महाग पडतात.

प्रौढ आणि अंगाने भरलेल्या माणसास मोठेच इंजिन हवे, हा यांतील सर्वांत रूढ समज. तो उत्पन्न होतो रस्त्यावरील गाड्यांच्या अनुभवातून. ३५० सीसीची बुलेट सुमारे २० अश्वशक्ती देते आणि तिचे वजन १९० किलोंहून अधिक भरते. उलट, शर्यतीसाठी घडविलेली ४५० सीसीची मोटोक्रॉस गाडी ११० किलोंच्या आसपास वजनात ५० अश्वशक्तीहून अधिक शक्ती बाळगते. म्हणजे सीसीचा आकडा जवळचा असूनही या दोन यंत्रांत कोणतेही साम्य उरत नाही. शर्यतीची २५० सीसी गाडीदेखील ४० अश्वशक्तीच्या घरात जाते, आणि ज्याचा हात बराच काळ थ्रॉटलवर सैल पडला आहे, त्याला ती पहिल्याच चढावर थकवून सोडते. थकलेल्या माणसाच्या हातून क्लच वेळेवर दाबला जात नाही, आणि बहुतेक पडझड तेथेच होते. वजनदार स्वाराला वस्तुतः हवी असते ती योग्य ताठरपणाची स्प्रिंग : कारखान्यातून येणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांच्या स्प्रिंगा साधारणतः ७०-७५ किलोंचा स्वार गृहीत धरून बसविलेल्या असतात, आणि त्या बदलण्याचा खर्च मोठे इंजिन घेण्याच्या मानाने अल्प असतो. आपल्याकडील गाड्यांपैकी १५४ किलोंची हिरो एक्सपल्स २०० परतणाऱ्या स्वारास बहुधा पुरेशी ठरते. सुमारे २०० किलोंची जुनी ४११ सीसी हिमालयन दूरच्या कच्च्या रस्त्यांवर उत्तम सोबत करते यात शंका नाही. मात्र सह्याद्रीतील लाल चिखलात आडवी झालेली ती गाडी एकट्याने दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उभी करण्याचा प्रसंग आला, म्हणजे वजनाचा खरा अर्थ कळतो.

उंचीविषयीचा समज त्याच जातीचा आहे. दोन्ही पाय सपाट टेकले नाहीत तर गाडी आपली नव्हे, असे मानून पुष्कळजण चांगली गाडी सोडून देतात. सुमारे ३०० मिलिमीटर हालचालीचे सस्पेन्शन असलेली गाडी स्वार बसताच साधारण १०० मिलिमीटर खाली बसते, म्हणून उभ्या गाडीच्या सीटची मापपट्टीवरील उंची हा निर्णायक पुरावा धरता येत नाही. शिवाय खडबडीत वाटेवर स्वार बहुतांशी फूटपेगवर उभाच असतो. एका पायाचा चवडा निश्चिंतपणे टेकला, तर सामान्यतः पुरे. गुडघे दुखावलेले असतील तर मात्र उताराच्या बाजूला पाय टेकण्याचा प्रश्न गंभीर असतो. अशा माणसाने ८९१ मिलिमीटर सीटच्या एक्सपल्स ४व्ही प्रोऐवजी ८२३ मिलिमीटरची मूळची एक्सपल्स २०० पाहावी, आणि यात कोणताही कमीपणा मानू नये.

आता गाडीच्या प्रकृतीकडे वळू. अलीकडचे साल, थोडे रनिंग आणि चकाकणारा रंग या तीन गोष्टींवर खरेदीदार विसंबतो. परंतु शर्यतीच्या इंजिनाचे आयुष्य तासांत मोजतात. पिस्टन केव्हा बदलावा हेही उत्पादकाच्या पुस्तकात तासांच्याच हिशेबाने दिलेले असते. म्हणून पिस्टन, तेल आणि व्हॉल्व्ह यांची नोंद ठेवणाऱ्या मालकाची जुनी गाडी ही नोंद न ठेवणाऱ्याच्या नव्या गाडीहून अधिक विश्वासार्ह असते. भेटीची वेळ ठरविताना इंजिन थंड ठेवावयास आगाऊ सांगावे, आणि गेल्यावर प्रथम इंजिनाला हात लावून पाहावा. आधीच तापवून ठेवलेले इंजिन विक्रेत्याला काही झाकावयाचे असल्याची शंका उत्पन्न करते. फोरस्ट्रोक गाडी गरम झाल्यावर सुरू होण्यास कुरकुर करू लागली, तर व्हॉल्व्हची फट कमी झाली असण्याचा संभव दाट असतो. एअर फिल्टर काढून त्याच्या आतील बाजूस बोट फिरवावे : तेथे बारीक धूळ लागली, तर तीच धूळ इंजिनातही गेलेली आहे, आणि मग बाहेरची चकाकी कितीही असो, सौदा तेथेच थांबवावा. पुढील चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे, स्विंगआर्म आडवा हलवून खेळ आहे काय ते पाहावे, फोर्कच्या सीलमधून तेल झिरपते काय हे तपासावे, आणि हँडलच्या मुळाशी व फूटपेगच्या जोडाजवळ फ्रेमला भेग किंवा नवे वेल्डिंग नाही ना, हे उजेडात न्याहाळावे.

टूस्ट्रोक म्हणजे कालबाह्य आणि कटकटीची, हाही समज तपासून पाहण्याजोगा आहे. तिच्यात फोरस्ट्रोकसारखी व्हॉल्व्हची रचना नसते, हलणारे भाग थोडे असतात, आणि पिस्टन-रिंग बदलण्याचे काम साधारण मेकॅनिकही करू शकतो. याउलट शर्यतीच्या फोरस्ट्रोकचा एक व्हॉल्व्ह तुटला, तरी संपूर्ण इंजिनाची वासलात लागू शकते. टूस्ट्रोकची शक्ती मात्र एकदम उसळते, आणि नवागत मनगटास ती उसळी सांभाळणे जड जाते. हा दोष खरा आहे.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज दस्तऐवजांचा होय. ‘आरटीओत नोंदणी मागाहून करून घेऊ’ असे आश्वासन देऊन शर्यतीच्या गाड्या विकल्या जातात. पण ज्या नमुन्याला रस्त्यासाठीची मान्यताच नाही, त्याची नोंदणी होत नाही, आणि अशी गाडी खाजगी जमिनीवर वा ट्रॅकवरच चालवावी लागते, तेथवर ती टेम्पोत घालून न्यावी लागते. नावांच्या साधर्म्याने फसू नये : कावासाकीची केएलएक्स २३० रस्त्यावर चालविता येते, केएलएक्स २३० आरएस येत नाही. नोंदणीकृत गाडी घेताना चेसिसवरील क्रमांक आरसीशी स्वतः ताडून पाहावा, गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास तो उतरविल्याचा दाखला मागावा, आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्यावाचून पूर्ण रक्कम हाती देऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे खरेदीदाराने हस्तांतरणाची वर्दी ३० दिवसांत द्यावयाची असते. नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत ठरणारे फेरफार ५२ व्या कलमाला बाधा आणतात, म्हणून आधीच्या मालकाने हौसेने काय काय काढून टाकले आहे, याची यादी सौद्यापूर्वीच करावी.

एवढे करून थोडी रक्कम मागे राखावी, ती साहित्यासाठी. बूट आणि गुडघ्याचे गार्ड सुस्थितीतील वापरलेले मिळाले, तर घ्यावयास प्रत्यवाय नाही. हेल्मेट मात्र नवेच घ्यावे. त्याच्या आतील फोम आघात सोसताना एकदा चेपला की पूर्ववत होत नाही, आणि तो चेपलेला आहे की नाही, हे बाहेरून पाहणाऱ्यास कळत नाही.