ऋणमुक्त घर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण अनेकदा ऐकली असेल. ही दोन कार्ये पार पाडताना माणसाची किती दमछाक होते, हे तीत सांगितले आहे. पूर्वी माणूस आयुष्यभर पैसा साठवी आणि उतारवयात घर बांधी. आज तो प्रथम घरात राहावयास जातो आणि पुढील पंधरा-वीस वर्षे त्याची किंमत फेडतो. त्यामुळे भाड्याच्या खोलीत आयुष्य घालवणाऱ्या लक्षावधी कुटुंबांना स्वतःचे छप्पर मिळाले, हे खरे. पण त्याबरोबर एक दीर्घकाळचे ओझेही घरात आले. हे ओझे लवकर उतरवावे, असे पती-पत्नींपैकी एकाला वाटते आणि दुसऱ्याला तसे वाटत नाही. अशा वेळी काय करावे, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

घर आपले, कागद बँकेचे

राजस्थानची राजधानी जयपूर हे नियोजनपूर्वक वसवलेले शहर आहे. सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये त्याची स्थापना केली. जुन्या तटबंदीच्या आतील शहर अपुरे पडू लागले, तेव्हा ते तटाबाहेर पसरले. १९७० मध्ये राजस्थान गृहनिर्माण मंडळाची स्थापना झाली. मानसरोवर, प्रताप नगर यांसारख्या मोठ्या वसाहती या मंडळाने उभारल्या. नोकरी-व्यवसायासाठी दूरदूरहून आलेल्या कुटुंबांनी अशा वसाहतींतून घरे घेतली, आणि त्यांपैकी अनेकांनी ती कर्ज काढून घेतली.

घरासाठी कर्ज घेताना बहुधा तेच घर तारण ठेवले जाते. मालमत्तेची मूळ कागदपत्रे बँकेकडे जमा करून गहाण निर्माण करण्याची ही पद्धत १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने मान्य केलेली आहे. घरात आपण राहतो, दारावर आपल्या नावाची पाटी असते, पण घराचे कागद बँकेच्या तिजोरीत असतात. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक काळ थकला, तर ते कर्ज अनुत्पादक समजले जाते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार बँक साठ दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. म्हणूनच गृहकर्जाची परतफेड हा घरातील सर्वांच्या निवाऱ्याचा प्रश्न ठरतो.

हप्त्याचे गणित

समजा, नोकरीनिमित्त जयपूरमध्ये स्थायिक झालेले एक मराठी दांपत्य आहे. पती एका खासगी कारखान्यात नोकरीस आहे आणि पत्नी घरी शिवणकाम करते. त्यांनी वीस वर्षांच्या मुदतीने, दरसाल ९ टक्के व्याजाने २० लाख रुपयांचे गृहकर्ज घेतले आहे. त्यांचा मासिक हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येईल.

पहिल्या महिन्याच्या हप्त्यातील १५,००० रुपये केवळ व्याजापोटी जातात. मुद्दल कमी होते ते फक्त २,९९५ रुपयांनी. पहिल्या संपूर्ण वर्षात हे दांपत्य सुमारे २ लाख १६ हजार रुपये भरते. पण वर्षअखेरीस मुद्दल कमी झालेले असते ते साडेसदतीस हजारांच्या आतबाहेर. व्याजाचा दर तोच राहिला, तर वीस वर्षांत एकूण सुमारे ४३ लाख १९ हजार रुपये भरावे लागतात. म्हणजे २० लाखांच्या मुद्दलावर व्याजच २३ लाखांहून अधिक होते.

आपल्याकडे जुन्या हिंदू धर्मशास्त्रात ‘दामदुप्पट’ नावाचा नियम होता. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येऊ नये, असा त्याचा आशय होता. मुंबई इलाख्यातील न्यायालयेही तो मानीत. आजच्या गृहकर्जात व्याज साचून राहत नाही. ते दरमहा थोडेथोडे दिले जाते. त्यामुळे ते मुद्दलापलीकडे केव्हा गेले, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

आता याच गणिताची दुसरी बाजू पाहू. या दांपत्याने प्रारंभापासून दरमहा ५,००० रुपये अधिक भरले, तर कर्ज वीस वर्षांऐवजी ११ वर्षे १० महिन्यांत फिटते आणि साडेदहा लाखांहून अधिक व्याज वाचते. दरमहा ३,००० रुपये अधिक भरले, तर कर्ज १४ वर्षांत फिटते आणि सुमारे ८ लाख रुपये वाचतात. नियमित हप्ता तोच ठेवून पहिल्या वर्षाच्या अखेरीस एकदाच १ लाख रुपये भरले, तरी सुमारे २७ हप्ते कमी होतात. जास्तीचा प्रत्येक रुपया थेट मुद्दलातून वजा होतो आणि त्या रुपयावरील पुढील सर्व वर्षांचे व्याज टळते, हे याचे कारण होय. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत भरलेली लहान रक्कम शेवटच्या वर्षांत भरलेल्या मोठ्या रकमेपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

काटकसर आणि कंजूषपणा

ही जास्तीची रक्कम आणावी कोठून? उत्पन्न वाढवणे नेहमी आपल्या हाती नसते. खर्चाला वळण लावणे मात्र पुष्कळसे आपल्या हाती असते.

जयपूर परिसराने काटकसरीचा एक मोठा धडा दगडात कोरून ठेवला आहे. आमेरजवळच्या जयगड किल्ल्यावर पावसाचे पाणी साठवण्यासाठी बांधलेली भव्य टाकी आहेत. डोंगरउतारांवर पडणारे पाणी पाटांतून वळवून तेथे आणले जाई. कमी पावसाच्या प्रदेशातील या लोकांनी पाणी पिणे सोडले नाही. त्यांनी वाहून जाणारे पाणी अडवले. काटकसरीचे मर्म हेच आहे. आवश्यक गोष्ट टाळणे म्हणजे कंजूषपणा. निष्कारण वाहून जाणारा पैसा अडवणे म्हणजे काटकसर.

आपल्या दांपत्याच्या घरी असा पैसा कोठून वाहतो? जयपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चांगला गारवा देतो. वातानुकूलन यंत्राच्या तुलनेत त्याला वीज बरीच कमी लागते. आठवड्याची भाजी मुहाना मंडीतून दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून आणली, तर ती दारावरच्या भाजीपेक्षा स्वस्त पडते. मानसरोवरहून जुन्या शहरात जाण्यासाठी २०२० पासून मेट्रो आहे. एकट्याने मोटार काढण्याची गरज उरत नाही. तीज आणि गणगौर, गणपती आणि दिवाळी अशी दोन्ही प्रदेशांची सणावळ घरात असली, तरी प्रत्येक सणाला नवे कापड हवेच असे नाही. ‘ऋण काढून सण’ करू नये, हे आपल्या वाडवडिलांनी सांगूनच ठेवले आहे.

मात्र काही खर्चांना कात्री लावता कामा नये. मुलांचे शिक्षण, सकस आहार, औषधोपचार आणि विम्याचा हप्ता यांत काटकसर केल्यास ती पुढे महागात पडते. तसेच तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम हाताशी ठेवल्याशिवाय जास्तीची परतफेड सुरू करू नये. नोकरी गेली किंवा आजार उद्भवला, तर कर्जात भरलेला पैसा सहसा लगेच परत मिळत नाही.

दोघांचे घर, दोघांचा निर्णय

येथपर्यंतचे गणित सोपे आहे. खरी अडचण यापुढे आहे. पत्नी हिशेब मांडून म्हणते, “अहो, पुढच्या महिन्यापासून हप्त्याहून पाच हजार रुपये जास्त भरू या.” पती उत्तर देतो, “अगं, कर्ज कोणाला नाही? वीस वर्षे फेडायचेच आहे. तोवर काय जगायचेच नाही?” काही घरांत या भूमिका उलटही असतात.

असा नकार ऐकला की समोरच्याला उधळ्या ठरवण्याचा मोह होतो. तो टाळावा आणि नकारामागील कारण शोधावे. ज्याचे बालपण टंचाईत गेले, त्याला काटकसर हा शब्द ऐकताच जुने दिवस परत आल्यासारखे वाटते. जयपूर पाहण्यासाठी हिवाळ्यात गावाकडून पाहुणे येतात; त्यांना आमेर आणि हवामहल दाखवावा, चांगले जेवू घालावे, यात पतीला आपली प्रतिष्ठा वाटते. दूर राहणाऱ्या मुलाने आईवडिलांना दरमहा पैसे पाठवणे हे तर त्याचे कर्तव्यच असते. काटकसरीची पहिली कुऱ्हाड आपल्या माणसांवर पडेल, अशी भीती त्याला वाटते. आणखी एक कारण असते: निर्णय आधीच झाला असून आपल्याकडून केवळ होकार हवा आहे, ही भावना.

पतीच्या म्हणण्यात व्यवहाराचाही काही अंश आहे. पगार वाढत जातो आणि महागाईमुळे रुपयाचे मोल घटते, म्हणून आज जड वाटणारा हप्ता दहा वर्षांनी तितका जड वाटत नाही. हे खरे आहे. परंतु ९ टक्के व्याजाचे कर्ज फेडणे म्हणजे ९ टक्के निश्चित लाभ मिळवण्यासारखे आहे. बँकेतील मुदत ठेवीवर सामान्यतः गृहकर्जाच्या दरापेक्षा कमी व्याज मिळते, आणि त्याहून अधिक लाभाची आशा धरली तर जोखीमही पत्करावी लागते. शिवाय पगार वाढेलच याची हमी कोणी देत नाही. दोन्ही बाजू अशा समोरासमोर मांडल्या, म्हणजे भांडणाचा विचारविनिमय होतो.

अशा वेळी पुढील मार्ग उपयोगी पडतो. पहिला महिना कोणताही खर्च कमी न करता, कोणावरही टीका न करता, केवळ लिहून काढावा. कागदावरील आकडे कोणाची बाजू घेत नाहीत. त्यानंतर दोघांनी आपापले दोन-दोन खर्च असे सांगावेत की ज्यांना हात लावायचा नाही. पतीने पाहुणचार आणि आईवडिलांचे पैसे सांगितले, तर पत्नीने ते मान्य करावे. उपाहारगृहाऐवजी घरी केलेल्या डाळ-बाटीने पाहुणचारात उणेपणा येत नाही, हे पतीनेही मान्य करावे. दोघांनाही दरमहा एक लहान रक्कम अशी मिळावी की जिचा हिशेब कोणी विचारणार नाही. प्रयोग प्रथम तीनच महिन्यांचा ठरवावा. पत्नीचे दागिने हे तिचे स्त्रीधन असते. कर्ज फेडण्यासाठी ते मोडण्याचा आग्रह कोणी धरू नये.

समजा, अशा चर्चेतून या दांपत्याचे पाच हजारांऐवजी तीन हजारांवर एकमत झाले. गणिताच्या दृष्टीने कर्जमुक्ती २ वर्षे २ महिन्यांनी लांबली. तरीही हा सौदा तोट्याचा नाही. रोज कुरबुर करीत भरलेले पाच हजार वर्षभरात थांबण्याचा संभव असतो. राजीखुशीने भरलेले तीन हजार चौदा वर्षे टिकतात. दिवाळीच्या बोनसचा काही भाग त्यात घातला, तर लांबलेला काळ पुन्हा कमी होतो. शिवाय कर्जावर दोघांच्या सह्या असतील, तर दोघेही त्याला सारखेच बांधलेले असतात. एकाला काही झाले, तर दुसऱ्याला ते फेडावे लागते. म्हणून कर्ज किती उरले, कागद कोठे आहेत आणि विमा किती रकमेचा आहे, हे दोघांनाही माहीत असले पाहिजे.

ध्यानात ठेवण्याजोगे नियम

कर्जदाराच्या हिताचे काही नियम भारतीय रिझर्व्ह बँकेने केले आहेत. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास बँकेने दंड आकारू नये, असा आदेश तिने २०१२ मध्ये दिला. व्याजदर बदलल्यास हप्ता वाढवावा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदारास मिळावी, असे तिने २०२३ मध्ये सांगितले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या आदेशानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने तीस दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत केली पाहिजेत. बँकेमुळे विलंब झाल्यास प्रत्येक दिवसासाठी ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

जास्तीची रक्कम भरताना ती मुद्दलात जमा करावी, आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी, असे बँकेला लेखी कळवावे. वर्षातून एकदा कर्जखात्याचा उतारा मागवून तो दोघांनी मिळून वाचावा.

महाभारतातील यक्षप्रश्नांची कथा आपणास ठाऊक असेल. सुखी कोण, असे यक्षाने विचारले. ज्याच्यावर ऋण नाही, ज्याला परदेशी राहावे लागत नाही आणि जो आपल्या घरी साधी भाजी का होईना शिजवून खातो तो सुखी, अशा आशयाचे उत्तर युधिष्ठिराने दिले. त्यानंतरचा अज्ञातवास पांडवांनी ज्या विराटनगरात काढला, ते जयपूरच्या उत्तरेस आहे, असे परंपरा मानते. पोटासाठी गाव सोडून आलेल्या आजच्या माणसाला त्या उत्तरातील प्रत्येक गोष्ट साधेलच असे नाही. ऋण फेडणे मात्र त्याच्या हाती आहे. घरातली ती साधी भाजी दोघांनी समाधानाने वाटून खाल्ली, तर चौदा वर्षांनी बँकेतून परत येणारे कागद ज्या घराचे असतील, ते घर खऱ्या अर्थाने दोघांचे असेल.